नंजुंडसरांचे शेरे

बंगळूरच्या बनशंकरी भागातल्या त्या ऑफिसात नंजुंडस्वामीला घाबरत नाही असं कुणी नव्हतं, आणि त्याच्यावर राग धरून आहे असंही कुणी नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला सहसा येत नाहीत. वीस वर्षं दुसऱ्यांचा कोड वाचून त्याने त्या कमावल्या होत्या.

काम तसं सांगायला साधं. डायलिसिसच्या रुग्णांना वेळ नेमून द्यायची आणि आदल्या दिवशी त्यांच्या फोनवर निरोप धाडायचा, एवढं करणारा प्रोग्रॅम. कर्नाटकातल्या चाळीसेक गावांतली केंद्रं त्यावर चालत. आठ-दहा पोरंपोरी कोड लिहीत, आणि लिहिलेलं नंजुंडने वाचून, त्यावर शेरा मारून, शेवटी ‘मान्य’ म्हटल्याशिवाय पुढे जात नसे.

शेरे त्याचे ठरलेले तिखट. ‘इथे तुला घरी जायची घाई होती.’ ‘हे फार हुशारीचं आहे, म्हणून काढून टाक.’ ‘हे नाव ठेवलंस, बारशाला कोण कोण होतं?’ आणि सगळ्यांच्या शेवटी एक प्रश्न हमखास: ‘हे असं का केलं?’ याला ‘असंच’ असं उत्तर देणाऱ्याची पुढची पंधरा मिनिटं वाईट जायची. पण ती जायची खाली मंजण्णाच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलात, कॉफी पिता पिता. ज्याचा कोड वाचला त्याला नंजुंड चार वाजता खाली घेऊन जाई आणि बाय-टू सांगे, म्हणजे एका कॉफीचे दोन अर्धे ग्लास. त्याचं म्हणणं असं, की पूर्ण ग्लास घेतलेला माणूस पिऊन चालू लागतो, अर्धा घेतलेला उभा राहून बोलतो.

वाचायची ही खोड त्याच्या बापाची. नंजनगूडला तालुका कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे ते, लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला. कितीही रांग असो, अर्ज मशीनमधून काढला की आधी त्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मगच हातात द्यायचे. लोक वैतागायचे, “अय्या, द्या की लवकर, साहेब उठून जातील.” म्हातारा म्हणायचा, “साहेब उद्या येईल. चुकीचा अर्ज परत येत नाही.” नंजुंड ही गोष्ट नव्या पोरांना अभिमानाने सांगायचा, वर्षातून चारदा तरी.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसात एआय सहायक आला. सांगाल ते प्रोग्रॅम लिहून देणारा, विचाराल त्याला उत्तर देणारा. पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ. नंजुंडने पहिले सहा महिने त्याची यथेच्छ टिंगल केली. “तम्माला खाली घेऊन येऊ का? अर्धा ग्लास कुठून पितो ते तरी बघू.” पण कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत झाली. तम्माच्या जोरावर पोरं दिवसाला चौपट कोड लिहू लागली, आणि तो सगळा येऊन पडायचा एकट्या नंजुंडच्या टेबलावर. पूर्वी दिवसाला पाच-सहा बदल वाचायचे असत, आता पंचवीस. वरून हुकूम आला, तपासणी चोवीस तासांत झालीच पाहिजे. वाचणारे डोळे मात्र दोनच राहिले. त्याला दोष द्यायचा तर ही गोष्टही सांगितली पाहिजे.

मग म्हैसूरला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. आठवडाभर दवाखान्याच्या बाकावर बसून काम करायचं होतं. त्याने काय केलं, आपले या ऑफिसातल्या अकरा वर्षांचे सगळे शेरे तम्माला वाचायला दिले आणि सांगितलं, असं लिही. पहिलाच शेरा आला: ‘हे फार हुशारीचं आहे, म्हणून काढून टाक.’ नंजुंड बाकावर बसल्या जागी मोठ्याने हसला. शेजारच्या बाईने वळून बघितलं. “अरे, हा तर मीच!” असं तो स्वतःशी म्हणाला, आणि त्यात त्याला लाज नाही, चक्क अभिमान वाटला. माणसाला आपलीच नक्कल आवडली की समजावं, काहीतरी बिनसलं आहे. पण हे कळायला त्याला तीन महिने लागायचे होते.

आई बरी झाली, तो परत आला, पण तम्माकडे दिलेले शेरे काही त्याने परत घेतले नाहीत. पहिल्या पंधरवड्यात तो तम्माचा प्रत्येक शेरा वाचून पुढे पाठवायचा. मग वरवर. मग ते आपोआप जाऊ लागले, त्याच्या नावाने, त्याच्या फोटोसकट, चार मिनिटांत. तिकडे पोरंही काही कमी नव्हती. ‘हे असं का केलं?’ याचं उत्तर त्यांचा तम्मा लिहायचा, आणि ‘स्पष्टीकरण पटलं’ असं नंजुंडचा तम्मा कळवायचा. चार वाजताची कॉफी कधी बंद पडली ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. ऑफिसात सगळ्यांत वाचाळ केंपराज, तो एकदा म्हणाला, “सर, तुमचा तम्मा नि माझा तम्मा बाय-टू घेतात, आणि आपण दोघं उपाशी.” सगळे हसले. नंजुंडही हसला.

एकटी शिवलीला या खेळात नव्हती. शिवलीला अंगडी, गदगची. येऊन तिला सात-आठ महिने झाले होते आणि नोकरी अजून पक्की व्हायची होती. सावकाश लिहायची, पण स्वतः लिहायची. बंगळूरची पोरं तिच्या उत्तरेकडच्या कन्नडला हसत, डब्यातल्या कडक भाकरीला हसत आणि तीच भाकरी शेंगाचटणीशी मागून खात. आल्यापासूनचे चार महिने ती नंजुंडबरोबर आठवड्यातून दोनदा तरी खाली उभी राहिली होती. तिच्याकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही असे. सर काय म्हणाले ते ती त्यात उतरवून घ्यायची, तारीख घालून.

जे व्हायचं ते दावणगेरेकडच्या एका केंद्रात झालं. तिथलं एक यंत्र बिघडलं म्हणून अकरा रुग्णांची वेळ पुढे ढकलली. दुसऱ्या दिवशीही यंत्र दुरुस्त झालं नाही, म्हणून परत ढकलली. निरोप मात्र गेला मधल्या तारखेचा. अकरा माणसं त्या दिवशी येऊन बसली. सिद्दप्पा नावाचे अडुसष्ट वर्षांचे गृहस्थ दोन बस बदलून आले होते. संध्याकाळपर्यंत बाकावर बसले आणि तसेच परत गेले. सकाळी धाप लागली, इस्पितळात नेलं. वाचले. त्यांच्या मुलाने फोन केला तो टीमची प्रमुख विनुता हिला. शिव्या दिल्या नाहीत त्याने. एवढंच म्हणाला, “मॅडम, आप्पा म्हणत होते आज नसेल, केंद्रावर फोन करून विचार. मीच म्हटलं, निरोप आलाय, खोटा कसा असेल?”

सोमवारी दहाला मीटिंग भरली. आपल्याकडे दोष माणसाला द्यायचा नसतो, चूक शोधायची असते, असं विनुताने सुरुवातीलाच सांगितलं. असं सांगितलं की सगळे आधी माणूस शोधतात. पडद्यावर तो बदल आला आणि वर नाव दिसलं: शिवलीला अंगडी.

नंजुंड खुर्चीत पुढे सरकला. पंचवीस बदलांतला हा कोणता, त्याला आठवतही नव्हतं. पण बोलायची सवय जुनी.

“शिवलीला, दोनदा वेळ बदलली तर काय होईल ही शंकाच आली नाही तुला?”

तिने आधी पडद्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“आली असेल तर विचारायचं. विचारायला काय डोंगर चढून यायचं होतं? दहा पावलांवर बसतो मी. इथे विचारल्याबद्दल आजवर कुणाला फाशी दिलंय?”

ती म्हणाली, “चुकलं सर.”

“सर, गदगहून प्रश्न बैलगाडीने निघतो,” केंपराज म्हणाला. “पोचायला वेळ लागतो.”

खोली हसली. नंजुंडही हसला. पुढे त्याला सगळ्यांत जास्त डाचलं ते हे हसणं.

विनुताने वही मिटता मिटता सांगितलं, “सर, अहवाल उद्या दहापर्यंत तुम्ही द्या. हिची नेमणूक याच महिन्यात पक्की व्हायची आहे. तो बघूनच ठरवावं लागेल.”

जेवणानंतर नंजुंडने अहवालासाठी तो बदल उघडला. मान्यता कोणत्या तारखेला दिली तेवढं बघायचं होतं. तारखेच्या वर शिवलीलाचा मजकूर होता.

‘नंजुंडसर, हे मी तम्माला विचारलेलं नाही, मुद्दाम तुम्हाला विचारते आहे. एकाच रुग्णाची वेळ दोनदा बदलली तर निरोपात कुठली तारीख जाईल याची मला खात्री वाटत नाही. एकदा बदलून बघितली, बरोबर आली. दोनदाचं कसं तपासावं ते सुचत नाही. चार वाजता खाली येऊ का सर?’

त्याखाली चार मिनिटांनंतरची वेळ, नंजुंडचा फोटो आणि नंजुंडचं नाव. ‘छान शंका. विचार योग्य दिशेने चालला आहे. मांडणी पुरेशी आहे. मान्य. आणि हे असं का केलं?’

या शेवटच्या प्रश्नाला तिने वीस ओळींचं उत्तर लिहिलं होतं. सोबत कागदावर बाण काढून त्याचा फोटो जोडला होता. शेवटी लिहिलं होतं, ‘म्हणून असं केलं सर. चुकत असेन तर रागवा.’ त्याखाली परत नंजुंडचा फोटो: ‘स्पष्टीकरण पटलं.’

नंजुंडच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तो तिचा कागद मोठा करून बघत राहिला. तिसऱ्या बाणापाशीच चूक होती. त्याने त्या दिवशी ते पान नुसतं डोळ्यांसमोर धरलं असतं तरी बोट बरोबर तिथे गेलं असतं. तो गुरुवार होता. त्या गुरुवारी चार वाजता तो जागेवरच होता, लेकीसाठी कॉलेजांच्या याद्या चाळत. ती दहा पावलांवर बसून उत्तराची वाट बघत होती. आणि आज सकाळी त्याने भर सभेत तिला विचारलं, विचारायला काय डोंगर चढायचा होता? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि त्या त्याने स्वतःच्या तोंडाने मारल्या होत्या. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही माणूस माणूसच. त्याने तम्माला अहवालाचा मसुदा करायला सांगितला. मसुदा आला: ‘तपासणीच्या टप्प्यावर ही शक्यता निसटली.’ वाक्य गुळगुळीत होतं. कुणी निसटवली ते त्यात कुठेच नव्हतं. विनुता हे वाचून वर पाठवणार, वरचे आपल्या तम्माकडून त्याच्या दोन ओळी करून घेणार, आणि बदलावर नाव शिवलीलाचं आहे म्हणून चूकही तिचीच राहणार. शोधायला कुणी जाणार नाही. अर्धा तास ते वाक्य पडद्यावर होतं आणि नंजुंड ते खोडत नव्हता. दिवसाला पंचवीस, दोन डोळे, आईचं ऑपरेशन, सगळी कारणं त्याने स्वतःला परत परत सांगून बघितली. कारणं सगळी खरी होती. बाप कितीही रांग असली तरी वाचायचा, एवढं एकच त्यात बसेना.

चारला तो उठून शिवलीलाच्या टेबलापाशी गेला. “खाली येतेस?”

मंजण्णा गल्ल्यावरूनच ओरडला, “काय स्वामी, किती महिन्यांनी! मला वाटलं डॉक्टरनं कॉफी तोडली.” आणि न सांगताच बाय-टू पुढे केली.

नंजुंड ग्लासकडे बघत म्हणाला, “तू विचारलं होतंस. तसं मीटिंगमध्ये का नाही सांगितलंस?”

“तुम्ही वाचलं होतं ना सर. वाचून मान्य केलं होतं.” तिने कॉफीचा एक घोट घेतला. “सकाळी मला वाटलं, तुम्ही सगळ्यांसमोर विसरल्यासारखं दाखवताय. घरून शिकवलंय, मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू नये. म्हणून गप्प बसले. पण वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू?”

म्हणजे ही मुलगी सकाळपासून त्याला लबाड समजत होती, आणि तरी त्याची लाज राखत होती. लबाड नाही म्हणावं, तर खरं सांगावं लागणार होतं. आणि खरं त्याहून बरं नव्हतं.

“मी वाचलंच नव्हतं, शिवलीला. ते उत्तर तम्माचं.”

“सगळं?”

“सगळं. आईच्या ऑपरेशनपासून. तीन महिने.”

तिने ग्लास कट्ट्यावर ठेवला. रडेल की काय असं त्याला वाटलं, पण ती रडली नाही. खांद्यावरच्या पिशवीतून निळी वही काढली.

“यात तुमचे शेरे आहेत सर. खाली सांगितलेले पण, आणि पडद्यावर आलेले पण. रोज झोपण्याआधी वाचते मी. भावाला पण वाचून दाखवते, तो गदगला डिप्लोमा करतोय.” तिने वही त्याच्या हातात दिली. “यातले तुमचे कुठले ते खूण करून द्या. बाकीचे खोडून टाकते.”

“तारखा आहेत की तुझ्याकडे.”

“तारखेवरून मला पण कळेल सर. पण मी तारखा कागद चिकटवून झाकून देते. तुम्ही शेरा वाचून सांगा.” यात खोडसाळपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि ते त्याला जास्त लागलं.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तो पेन्सिल घेऊन बसला. पहिले पाच-सहा शेरे सोपे गेले. मग हात अडखळू लागला. ‘नियम लिहिण्याआधी नियम मोडणाऱ्याचा विचार कर.’ हे आपण म्हणालो? म्हणू शकलो असतो. ‘दोन ओळींत मावतं ते चार ओळींत लिहिणं म्हणजे वऱ्हाडाला दोन मांडव.’ हे तर नक्की आपलं. की नाही? बायको सुमित्रा भात वाढता वाढता वाकून बघत म्हणाली, “तुमचं तुम्हाला ओळखू येत नाही होय? आमची गाय गोठ्यात आपलं वासरू वासावरून ओळखायची.” चौसष्ट शेऱ्यांपैकी त्याने एकेचाळिसांवर खूण केली आणि भात निवल्यावर खाल्ला.

मंगळवारी दहाला त्याने अहवाल वाटला नाही, उभं राहून वाचला. शिवलीलाचा प्रश्न वाचला, मग उत्तर वाचलं. म्हणाला, “हे उत्तर माझ्या नावाचं आहे, माझं नाही. मी तिचा प्रश्न वाचलाच नव्हता. तीन महिन्यांत तुमच्यापैकी जवळजवळ कुणाचंच काही वाचलेलं नाही. चूक तिने काढून पाठवलेल्या कागदात तिसऱ्या बाणापाशी दिसत होती, मी बघितली नाही. आणि काल तिला तुमच्यासमोर बोललो. हसलोही.” वाचून झालं तरी तो बसला नाही.

विनुता हळूच म्हणाली, “सर, इतकं सगळं लेखी हवंच का? वर जाईल हे.”

“जाऊ दे वर. तिची नेमणूक अडवायची असेल तर आधी माझी बघा.”

कोपऱ्यातून केंपराजचा आवाज आला, यावेळी त्यात चेष्टा नव्हती. “सर, गेल्या महिन्यात मला ‘उत्तम, याहून चांगलं मलाही जमलं नसतं’ असं आलं होतं. ते पण?”

“ते पण.”

“मी घरी फोन करून आईला सांगितलं होतं,” केंपराज म्हणाला आणि टेबलाकडे बघू लागला. नंजुंडला वाटलं, त्याने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारपर्यंत निकाल लागला. शिवलीला पक्की. एकट्याने ‘मान्य’ म्हणायचा नंजुंडचा अधिकार गेला. यापुढे आणखी एका माणसाने सोबत वाचायचं. वीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्यावर कुणीतरी शेरा मारला होता, आणि तो बरोबर होता.

चार वाजता शिवलीला स्वतःहून टेबलापाशी आली. दर्शिनीत तिने वही उघडली आणि तारखांवरचे कागद एकेक करून सोलून काढले. मंजण्णाने ग्लास आणून ठेवले तरी दोघांचं तिकडे लक्ष नव्हतं.

“हे वऱ्हाडाचं. यावर खूण केलीय सर तुम्ही. पण तेव्हा तुम्ही म्हैसूरला दवाखान्यात होतात.”

तिने पान उलटलं.

“आणि हे सोडलंय. ‘घाबरून लिहिलेला कोड लगेच ओळखू येतो, तू घाबरू नकोस.’ हे तुमचं नाही म्हणता?”

“मी असं मऊ बोलत नाही.”

“इथेच म्हणाला होतात सर. या खांबापाशी. माझा पहिला आठवडा होता, मी नोकरी सोडून गावाला परत जायच्या बेतात होते.” तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. “यामुळे राहिले.”

त्याला ते आठवेना. खांब आठवत होता, ती आठवत होती, ओळ आठवत नव्हती. उभ्या आयुष्यात त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती. तोंड कुठे लपवावं, म्हणून तो रस्त्याकडे बघू लागला.

शिवलीलाने काही खोडलं नाही. नवीन पान काढून तारीख घातली आणि वही त्याच्यापुढे सरकवून वर पेन ठेवलं.

“यापुढे तुम्हीच लिहा सर. तुमच्या हातानं.”

त्याने पेन उचललं. मग तारखेखाली लिहिलं, ‘तुझा प्रश्न मी वाचला नव्हता,’ आणि खाली पूर्ण नावाने सही केली. तिने ते वाचलं, शाई वाळू दिली आणि वही पिशवीत टाकली. कॉफी निवून गेली होती. दोघांनी तशीच प्यायली.